नव्या कंपनीसाठी डोमेन: डॉट कॉम गेलेलं, डॉट इन मोकळं. काय करावं?

कृष्णाकाठ

सांगलीत तिघं मिळून एक काम सुरू करतोय. सांगली, मिरज, तासगाव भागातल्या शीतगृहांत आणि गोदामांत बेदाणा, हळद ठेवायला कुठे किती जागा रिकामी आहे ते व्यापाऱ्याला मोबाइलवर दिसावं, तिथेच बुकिंग व्हावं, पावती निघावी, असं सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक म्हणजे बेदाणा व्यापारी, अडते, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि शीतगृहवाले. पुढे निर्यातदारही येतील.

नाव जवळपास ठरलंय, पण इथे उघड करत नाही. बोलण्यापुरतं 'वखार' धरा, आणि दुसरा पर्याय 'पेव' (हरिपूरची हळदीची पेवं). अडचणी तंतोतंत तशाच आहेत.

१. डॉट कॉम कुणीतरी घेऊन ठेवलंय. पानावर 'विक्रीस आहे' एवढंच. मागणी साडेतीन लाख. डॉट इन मोकळं आहे. एक भागीदार म्हणतो डॉट एआय नाहीतर डॉट आयओ घेऊ, जरा स्टार्टअपसारखं वाटतं.
२. इंग्रजी स्पेलिंग व्हीने की डब्ल्यूने? ए एक की दोन?
३. कंपनी अजून नोंदलेली नाही. डोमेन आत्ता घ्यायचं की नंतर, आणि कुणाच्या नावावर?
४. ट्रेडमार्कचं कधी बघायचं?

डोमेन आणि ट्रेडमार्क मिळून २५ हजारांत बसवायचंय. आगाऊ धन्यवाद.

नेमसर्व्हर

नाव उघड केलं नाहीत ते उत्तम केलंत. घेईपर्यंत कुठेच बोलू नका. भलत्यासलत्या 'डोमेन शोधा' साइटवर दहा वेळा टाकूनही बघू नका. जिथून घ्यायचं तिथेच शोधायचं आणि मोकळं दिसलं की त्याच बैठकीत घेऊन टाकायचं. नंतर बेत बदलला तर हजाराच्या आतबाहेर नुकसान, एवढंच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. 'वखार' रोमन लिपीत किमान चार तऱ्हांनी लिहिलं जाणार. पहिलं अक्षर व्ही किंवा डब्ल्यू, शेवटच्या आरआधी एक ए किंवा दोन. मराठी नावांची ही ठरलेली दुखणी आहेत. व, दीर्घ आ, ई (आय की डबल ई), ळ, क्ष (केएसएच की एक्स), ज्ञ (आपण डीएनवाय लिहितो, हिंदी भाषक जीवाय). नावात अशी एक जागा असेल तर निभावतं. दोन असल्या की चार स्पेलिंगं, तीन असल्या की आठ.

वाद घालत बसू नका, तपासून बघा. दहा जणांना फोन लावा, व्हॉट्सॲप नको. नाव एकदाच उच्चारायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि 'हे इंग्रजीत लिहून पाठवा' म्हणायचं. दहातले निम्मे तरी तुमचं खरं गिऱ्हाईक असू द्या: अडत दुकानातले दिवाणजी, शीतगृहाचा मॅनेजर. कॉलेजचे मित्र नकोत, ते तुमच्या मनातलं स्पेलिंग ओळखतात. सात-आठ जण एकाच स्पेलिंगवर आले तर तेच घ्या, तुम्हाला दुसरं देखणं वाटत असलं तरी. चार-तीन-तीन अशी फाटाफूट झाली तर नावच बदला. मग फोनचं व्हॉइस टायपिंग इंग्रजीवर ठेवून नाव बोला आणि काय उमटतं ते पाहा. पत्ता टाइप न करता बोलणारे बरेच असतात.

'पेव'चं सांगायचं तर ऐकायला झकास, पण पी-ई-डब्ल्यू लिहिलं की इंग्रजीत तो चर्चमधला बाक होतो, आणि पी-ई-व्ही म्हणजे विजेच्या गाड्यांचं एक लघुरूप. गूगलवर तुम्ही कायम त्या गाड्यांच्या मागे राहणार. शिवाय तीन अक्षरांची डॉट कॉम सगळीच्या सगळी केव्हाच गेलेली आहेत.

जोडनाव करणार असाल तर सांधा बघा. 'वखार'ला 'रेट' जोडलंत की मध्ये दोन आर येतात, लोक एकच टाकतात. डॅश नको. फोनवर 'मध्ये डॅश' सांगितलं की समोरचा अंडरस्कोअर टाकतो, आणि तो डोमेनात चालतच नाही. आकडाही नको, २४ लिहायचं की अक्षरी, हे दर वेळी सांगत बसावं लागतं. नियमाने डोमेनच्या एका भागात ६३ अक्षरं बसतात, पण बारा-चौदाच्या पुढे गेलात की पावतीवर आणि टेम्पोच्या पाठीमागे ते मावत नाही.

मुख्य स्पेलिंग आणि चाचणीत सगळ्यात जास्त चुकलेलं एक, अशी दोन घ्या. दुसरं पहिल्याकडे ३०१ रीडायरेक्टने (कायमचं वळवायची सोय) वळवा. चारही घ्यायचा मोह टाळा, कारण चारहींचं बिल दर वर्षी येतं.

दहावा_मजला

शेपटीबद्दल, म्हणजे नावातल्या शेवटच्या डॉटनंतरच्या भागाबद्दल.

डॉट एआय आणि डॉट आयओ ही काही 'टेक'वाली नावं नाहीत. दोन अक्षरांची शेपटी म्हणजे देशाचा किंवा प्रदेशाचा कोड. एआय हे कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं, आयओ हे ब्रिटिश हिंदी महासागर क्षेत्राचं, म्हणजे चागोस बेटांचं. चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचं ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, मे २०२५ मध्ये करारावर सह्याही झाल्या. त्यामुळे डॉट आयओ उद्या बंद पडणार असं नाही. कोड यादीतून निघालाच तरी बंद करायला काही वर्षांची मुदत मिळते. युगोस्लाव्हिया फुटला नव्वदीच्या सुरुवातीला, त्याचं डॉट वाययू कायमचं बंद झालं २०१० साली. पण बेदाण्याच्या धंद्याने ही काळजी डोक्यावर का घ्यावी? डॉट एआय तर किमान दोन वर्षांचंच घ्यावं लागतं. दोन वर्षांचे मिळून बारा-पंधरा हजार गेले की तुमचं निम्मं बजेट तिथेच संपलं.

डॉट इन २००५ पासून सर्वांना खुलं आहे, निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) चालवते. दर साधारण सहाशे ते नऊशे रुपये वर्षाला. मध्यस्थाच्या नावाआड लपून नोंदणी इथे चालत नाही. नाव-पत्ता खराच द्या, केवायसी मागितली तर कागद जुळायला हवेत. तुमचं गिऱ्हाईक महाराष्ट्र-कर्नाटकातलं आहे, त्याला डॉट इन अजिबात परकं नाही.

विकत घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, 'रिन्यूअल'चा रकाना बघा. ९९ रुपयांचं डोमेन दुसऱ्या वर्षी दोन-तीन हजारांचं निघतं, ते बहुतेक डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट एक्सवायझेड अशा नव्या शेपट्यांमध्ये. त्यांच्या दरवाढीवर मर्यादा नाही. त्यातच 'प्रीमियम' शिक्का असलेलं नाव असेल तर ते बऱ्याचदा दर वर्षी प्रीमियम दरानेच नवं करावं लागतं. डॉट कॉमचं तसं नाही. त्याचा घाऊक दर डॉट कॉम चालवणारी व्हेरिसाइन कंपनी आकारते, तो सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. त्यावर विक्रेत्याचा नफा आणि १८ टक्के जीएसटी.

आता साडेतीन लाखांचा प्रश्न. माझ्या मते सध्या देऊ नका. पण डॉट कॉमकडे पाठ फिरवण्याआधी एक गोष्ट तपासा: त्या डॉट कॉमला एमएक्स नोंद (मेल कुठे पोचवायची ते सांगणारी) आहे का? डोमेनच्या अशा नोंदी ज्यात असतात त्या डीएनएसच्या तपासणीच्या कुठल्याही साइटवर दिसते. एमएक्स असेल तर तिथे मेल पोचू शकते. व्यापाऱ्याने सवयीने डॉट इनच्या जागी डॉट कॉम लिहिलं, की तुमच्या नावाने आलेली साठ्याची यादी आणि बँक तपशील त्या अनोळखी मालकाच्या डब्यात पडू शकतात. मेल परतही येत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. एमएक्स नसेल तर मेल बहुधा 'पोचली नाही' म्हणून परत येते. आणि डॉट कॉमवर तुमच्याच धंद्यातला कुणी बसला असेल, तर ते नाव सोडाच. मोठ्या कंपन्यांनाही ही सवय मोडता आलेली नाही. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉकने २०११ मध्ये 'ओ डॉट को' असं नवं नाव लावलं, गिऱ्हाइकं 'ओ डॉट कॉम' टाइप करत राहिली, आणि कंपनीला त्याच वर्षी माघार घ्यावी लागली.

अवांतर: देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. फलकावर, पत्रकावर छान दिसतं, जरूर घ्या. पण मुख्य पत्ता म्हणून नको. आतून ते 'एक्सएन' आणि दोन डॅशने सुरू होणारं लांबलचक रूप असतं, व्हॉट्सॲपमधून चिकटवलं की कधी तेच उमटतं. मेलचा पत्ता तर बऱ्याच अर्जांमध्ये 'अवैध' म्हणून नाकारला जातो.

खर्डेघाश्या

@दहावा_मजला, डॉट कॉमबद्दल थोडा असहमत. निर्यातदार गिऱ्हाईक खरंच येणार असतील तर डॉट कॉम आजच हवं, फक्त ते साडेतीन लाखांचं नको. 'वखार'ला पुढे-मागे एक शब्द जोडून साध्या दरात मिळणारं डॉट कॉम घ्या आणि मोकळं डॉट इनही घ्या. परदेशी खरेदीदाराला आधी डॉट कॉम आणि मग दुसरी शेपटी असं दोनदा समजवायला लागू नये.

घासाघीस करायचीच असेल तर सांगली, कंपनी, गुंतवणूक असलं काही बोलू नका. साध्या जीमेलवरून, एकच आकडा, आणि उत्तर नाही आलं तर महिना-दोन महिने गप्प. किती वर्षं ते पडून आहे ते आरडीएपीत, म्हणजे डोमेनच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या सेवेत, दिसतं (डॉट कॉमसारख्या नावांसाठी जानेवारी २०२५ पासून जुन्या हूइजची जागा त्याने घेतली आहे). नोंदणीची तारीख जुनी आणि पान कायम 'विक्रीस' असेल, तर मालक घाईत नाही हे समजा.

सौदा झालाच तर पैसे थेट पाठवायचे नाहीत, एस्क्रोमार्फत (सौदा पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणारा त्रयस्थ). नुकतंच घेतलेलं किंवा नुकतंच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) हलवलेलं डोमेन ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. म्हणून त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडून आतल्या आत 'पुश' करून घ्या, काम तासाभरात होतं. विक्रेता परदेशी असेल तर पैसे पाठवण्याआधी सीएला टीडीएसचं विचारा.

आणि जुन्या डोमेनची कुंडली बघायची. वेबॅक मशीनवर (साइटींची जुनी पानं जपणारा संग्रह) मागच्या सगळ्या वर्षांची पानं उघडा. मध्येच दोन वर्षं सट्ट्याची किंवा झटपट कर्जाची साइट असेल तर सोडून द्या. स्पॅमहाउसच्या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत नाव आहे का तेही बघा. असली डोमेनं घेतली की तुमची पहिलीच कोटेशनं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जातात, आणि कारण शोधण्यात महिने जातात.

कलम_९

ट्रेडमार्क डोमेनच्या आधी बघायचा, कारण शोध फुकट आहे. आयपी इंडियाच्या (सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटच्या) सार्वजनिक शोधात 'वर्डमार्क' (स्पेलिंगवरून) आणि 'फोनेटिक' (उच्चारावरून) दोन्ही लावा. बहुतेक लोक फक्त पहिला लावतात आणि व्ही-डब्ल्यूचा फरक असलेलं नाव तिथेच निसटतं. ट्रेडमार्क धंद्याच्या प्रकारानुसार ठरलेल्या वर्गांत नोंदतात. वर्ग तुमच्यासाठी ३९ (माल साठवण, वाहतूक) आणि ४२ (सॉफ्टवेअर सेवा). मोबाइल ॲप डाउनलोड होत असेल तर ९, खरेदी-विक्री जुळवून देणार असाल तर ३५. शोध चारहींत करा, अर्ज सुरुवातीला ३९ आणि ४२ पुरेत. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला दर वर्गाला ४,५००, इतरांना ९,०००. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम नोंदणी आधी करून घ्या, ती मोफत आहे. म्हणजे दोन वर्गांचे ९,०००.

आता नमुन्याच्या नावाबद्दल. तुमचं खरं नाव 'वखार'सारखंच असेल तर सावध. साठवणुकीच्या धंद्याला 'वखार' म्हणणं म्हणजे वर्णन झालं, आणि ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ वर्णनात्मक शब्दाला नोंदणी सहसा देत नाही. त्यात महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ आहेच. गिऱ्हाइकाला तुम्ही सरकारी वाटलात तर सुरुवातीला बरं वाटेल, पुढे नोटीस येईल. धंद्याचं वर्णन न करणारा शब्द नोंदवायला सोपा आणि सांभाळायलाही सोपा. 'पेव' हळदीसाठी वर्णनात्मक ठरेल, बेदाण्यासाठी कमी.

तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत नको. कंपनीचं नाव स्पाइस प्लसच्या (कंपनी नोंदणीचा ऑनलाइन अर्ज) भाग अ मध्ये मंजूर झालं की २० दिवस राखून मिळतं. ती मंजुरी म्हणजे ट्रेडमार्क नव्हे. नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करून तुम्हाला नाव बदलायला लावू शकतो (कंपनी कायदा २०१३, कलम १६). आणि डोमेन मिळालं म्हणजे हक्क मिळाला असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण दिलं. तिथे 'सिफी' आधीपासून वापरात होतं आणि दुसऱ्या बाजूने एक जादा एफ घालून 'सिफ्फीनेट' घेतलं होतं. त्यामुळे चालू नावाचं स्पेलिंग थोडं फिरवून घ्यायची युक्ती न्यायालयात टिकत नाही.

उलट बाजूनेही तेच. 'ट्रेडमार्क काढू आणि मग तक्रार करून डॉट कॉम हिसकावून घेऊ' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. यूडीआरपीत (डोमेनच्या वादांची आंतरराष्ट्रीय तक्रार पद्धत) समोरच्याने डोमेन दुष्ट हेतूने नोंदवलं हे दाखवावं लागतं, आणि ज्याने ते तुमच्या जन्माआधी घेतलं त्याचा तुमच्याविरुद्ध हेतू असणार कसा? वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका पंचाची फीच १,५०० डॉलर आहे. डॉट इनसाठी आयएनडीआरपी नावाची वेगळी पद्धत आहे.

डीएनएस_दादा

मालकीवर कुणी लिहिलेलं दिसत नाही. निम्मी भांडणं तिथेच होतात.

डोमेन आत्ताच घ्या, कंपनीची वाट बघू नका. तिघांपैकी एकाच्या नावावर घ्या आणि त्याच दिवशी साध्या कागदावर लिहून ठेवा की हे डोमेन होऊ घातलेल्या कंपनीचं आहे, कंपनी नोंदली की तिच्या नावे करायचं. खर्चाची पावती जपा. साइट बनवणाऱ्याच्या खात्यातून घ्यायचं नाही, तो सख्खा मावसभाऊ असला तरी. त्याला डीएनएस बदलण्यापुरता वेगळा प्रवेश देता येतो. कंपनी झाली की 'ऑर्गनायझेशन' रकान्यात कंपनीचं पूर्ण नाव भरा. तो भरला की मालक म्हणून संस्थाच धरली जाते.

खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन संपलं की मेल बंद, आणि नूतनीकरणाचा ओटीपी त्याच मेलवर येणार. मग बसा. दोघांचे फोन टू-फॅक्टरला जोडा, ट्रान्स्फर लॉक चालू ठेवा.

डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीची एक लिंक येते. १५ दिवसांत तिच्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन थांबवलं जातं. साइट सुरू होऊन दोन आठवड्यांनी अचानक बंद पडली की पहिला संशय यावर घ्यायचा.

ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (कार्डातून आपोआप पैसे कापायची आगाऊ परवानगी) नियमांमुळे परदेशी रजिस्ट्रारकडे साठवलेलं भारतीय कार्ड बऱ्याचदा आपोआप चालत नाही. पडद्यावर 'ऑटो-रिन्यू चालू' हिरव्या अक्षरांत दिसतं आणि पैसे कटतच नाहीत. त्यापेक्षा मुख्य नाव एकदम तीन किंवा पाच वर्षांचं भरा (जास्तीत जास्त दहा भरता येतात) आणि मुदतीच्या ४५ दिवस आधीची आठवण तिघांच्या कॅलेंडरात घाला. डॉट कॉम चुकलंच तर मुदतीनंतर रजिस्ट्रारनुसार काही दिवस, फार तर ४५, साध्या दरात मिळतं. मग ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे दंड भरून सोडवून घ्यायची मुदत; तो दंड घसघशीत. मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते उघड्यावर. त्यावर टपून बसलेली सॉफ्टवेअरं सेकंदात उचलतात. साइट आणि मेल मात्र मुदत संपल्याच्या पहिल्या दिवसापासूनच बंद असू शकतात, हे लोक विसरतात.

मेल चालू करताना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, या मेल खरंच तुमचीच आहे हे दाखवणाऱ्या तिन्ही नोंदी पहिल्याच दिवशी. जे दुसरं स्पेलिंग नुसतं वळवून ठेवणार आहात त्यालाही 'या नावाने कुणीच मेल पाठवत नाही' असा एसपीएफ आणि डीमार्कला 'रिजेक्ट' लावा. नाहीतर कुणीतरी त्याच नावाने तुमच्या शीतगृहवाल्याला 'आमचा खाते क्रमांक बदललाय' म्हणून मेल टाकेल.

आणि डोमेन घेतल्यावर दोन पत्रं हमखास येतात. एक बिलासारखं दिसणारं, 'सर्च इंजिन नोंदणी'चं. दुसरं 'चीनमधली एक कंपनी तुमचं नाव घ्यायला निघाली आहे, तुम्हाला हवं का?' दोन्ही कचऱ्यात.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. खरं नावही वर्णनातच मोडतंय, त्यामुळे ते बाजूला ठेवतो आणि दुसरं शोधून दहा फोन करतो. दोन शंका. ॲपसाठी वेगळं डोमेन घ्यावं का? आणि क्रम कसा लावायचा: कंपनी, डोमेन, ट्रेडमार्क?

नेमसर्व्हर

वेगळं डोमेन नको. ॲपसाठी त्याच नावाचा सबडोमेन (नावापुढे डॉट देऊन जोडलेला भाग) पुरतो, फुकट असतो, आणि गिऱ्हाइकाला एकच नाव लक्षात ठेवायचं असतं. फक्त मेलच्या जाहिराती घाऊक पाठवणार असाल तर त्या वेगळ्या सबडोमेनवरून पाठवा, म्हणजे तिथे तक्रारी झाल्या तरी पावत्यांची मेल बहुतेक वाचते.

कलम_९

क्रम: एका संध्याकाळी ट्रेडमार्क शोध, एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर कंपनी-नावाचा शोध आणि डोमेन मोकळं आहे का, तिन्ही. तिन्ही ठिकाणी रस्ता मोकळा दिसला की त्याच संध्याकाळी डॉट इन आणि जमलं तर डॉट कॉम. दुसऱ्या दिवशी फोन-चाचणी. नापास झालं तर दीड-दोन हजार गेले असं समजून पुढचं नाव. पास झालं की स्पाइस प्लस. मंजुरी मिळाली की २० दिवसांत कंपनीचे कागद भरा, मग उद्यम नोंदणी, आणि ट्रेडमार्कचा अर्ज थेट कंपनीच्या नावाने. आधी व्यक्तीच्या नावाने केलात तर पुढे हस्तांतराचा एक कागद आणि एक फी वाढते. लोगो ठरला नसेल तर थांबू नका, अर्ज साध्या अक्षरी नावाचाच करा.